सिंगापूर वाटेत पडते

आमच्या कॉलनीतून कोणीही बाहेर पडलं, अगदी दुधाची पिशवी आणायला का असेना, फाटकाशी त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं.

"मार्गे?"

कुठे चाललात, हे गुणवंतराव गावंडे विचारत नाहीत. ते त्यांना तुमच्या हातातल्या पिशवीवरून कळतं. त्यांना हवा असतो तो मार्ग. दूध आणायला मारुतीच्या देवळावरून जाणार की शाळेच्या मागून? तुम्ही गांगरलात की तेच ठरवून देतात. "देवळाकडून जा. शाळा सुटाची वेळ हाय, अडकान." मग मनगटावरच्या घड्याळात बघतात, तुमच्या पाठीवर हलकी थाप मारतात आणि तुम्हाला रवाना करतात. थाप बसल्याशिवाय निघालात तर मागून हाक येते.

गुणवंतराव इथे अमरावतीला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावर भोंग्यातून 'अमरावती-अकोला, मार्गे मूर्तिजापूर' असं जे खरखरीत ऐकू यायचं, तो आवाज त्यांचा. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा भोंगा तिथेच राहिला, 'मार्गे' मात्र ते घरी घेऊन आले. समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न झालं, सासर अकोल्याचं. पाठवणीच्या वेळी पोरगी आईच्या गळ्यात पडून रडत होती, आई रडत होती, बँडवालाही हळवा झाला होता. गुणवंतराव घड्याळ पाहत उभे. शेवटी पुढे होऊन म्हणाले, "बाई, उरलेलं मूर्तिजापूरले रड. तिथं दहा मिनटं थांबते गाडी." पोरगी रडता रडता हसली आणि गाडीत बसली. गाडी वेळेवर सुटली.

त्यांची बायको गेली तेव्हाचंही सांगतो. आमच्या कमलवहिनी. तिरडी उचलली, लोक चार पावलं चालले, आणि हा माणूस आडवा येऊन खांदेकऱ्यांना विचारतो, "मार्गे?" सगळे चपापले. कोणीतरी पुटपुटलं, डोक्यावर परिणाम झाला. मुलगा प्रशांत बापाचा हात धरून म्हणाला, "बाबा, उड्डाणपुलाखालून." तेव्हा कुठे ते बाजूला झाले. मी ते कधी विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला जास्त त्रास होतो.

मी त्यांचा शेजारी. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. घरी प्रिंटर आहे, इंटरनेट आहे आणि स्वभाव भिडस्त आहे. एवढं भांडवल असलेल्या माणसाचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही.

"मास्तर, तुमी आठ दिवस काय करून राहिले?" एकदा सकाळी त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही. निवृत्त माणसानं हे उत्तर कधी देऊ नये.

"मंग फिराले चला. ब्यांकॉकवरून सुरू कराचं, मलेशियातून खाली उतराचं, आन् सिंगापूरवरून वापस."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. अमरावतीत मार्चपासून माणसं काहीही बोलतात. पण ते बोलतच राहिले. टूर कंपनी नको. नागपूरहून ब्यांकॉकपर्यंत विमान माफ, कारण मध्ये समुद्र आहे आणि समुद्रापुढे एसटीचाही इलाज नाही. त्यानंतर मात्र फक्त बस आणि रेल्वे. टॅक्सी नाही, रिक्षा नाही, कोणी न्यायला येणार नाही.

त्या दिवसापासून माझ्या घराचं आगार झालं. रोज सकाळी साडेनऊला गुणवंतराव येणार, माझ्या खुर्चीत बसणार आणि मी त्यांना परदेशातली वेळापत्रकं छापून देणार. प्रत्येक गाव त्यांनी आधी वऱ्हाडात आणून ठेवलं. ब्यांकॉक म्हणजे बडनेरा, कारण सगळ्या गाड्या तिथून फुटतात. मलेशियाच्या सरहद्दीवरचं पदांग बेसार म्हणजे मूर्तिजापूर. क्वालालंपूर म्हणजे अकोला. ब्यांकॉकहून निघून रात्रभर चालणाऱ्या रेल्वेला ते मुक्कामी गाडी म्हणत. सिंगापूर म्हणजे काय, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण क्वालालंपूरचं अकोला झालेलं पाहूनच मला पुरेसं नैराश्य आलं होतं.

कुठल्याही दोन गाड्यांमध्ये त्यांनी तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवला नाही.

"गाड्या लेट होतेत, मास्तर."

"अहो, तिकडच्या होत नाहीत म्हणतात."

"म्हनतात. मी बी भोंग्यातून तेच म्हनत होतो."

या हिशेबानं आठ दिवसांतले साडेतीन दिवस आम्ही स्थानकांवर काढणार होतो. मी विचारलं, मग शहरं कधी बघायची? गुणवंतराव दयेनं माझ्याकडे बघत म्हणाले, "स्टँड पाहिलं का गाव समजते."

एकदा माझा तोल गेला. मी म्हणालो, "इतका द्राविडी प्राणायाम कशाला? सिंगापूरलाच जाऊ ना सरळ विमानानं. चार दिवस राहू आणि येऊ."

त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. स्थानकावर कोणी 'साहेब, गाडी दोन मिनिटं थांबवा' म्हटलं की व्हायचा तसा.

"सरळ जा लागन तं कोनाकडं तरी चाललो असं होते. मंग मानूस पाहुना होते. आन् पाहुन्याले बोलावनं लागते, मास्तर. बसनं फिरनारा प्रवासी असते. त्याले तिकीट पुरते. आपून कोनाकडे चाललो नाई. फिराले चाललो. सिंगापूर वाटेत पडते."

प्रशांत सिंगापूरला नोकरीला आहे, हे मला ठाऊक होतं. बापाला तो का बोलावत नाही, हे ठाऊक नव्हतं. ते मला अकोल्यात कळलं.

अकोल्याला आम्ही तालमीसाठी गेलो होतो. होय, तालीम! पाठीवर सामान, कमरेला पासपोर्टचा पट्टा आणि त्या पट्ट्यात पासपोर्ट अजून यायचा असल्यामुळे रेशनकार्डाची झेरॉक्स. बडनेऱ्याला आम्ही 'ब्यांकॉकहून' रेल्वेत बसलो. मूर्तिजापूरला सरहद्द म्हणून उतरलो. फलाटावरच्या नळापुढे गुणवंतरावांनी मला रांगेत उभं केलं. रांगेत मी एकटाच. ते नळाच्या पलीकडे जाऊन अधिकारी झाले.

"किती दिवस राहनार?"

"आठ."

"कोनाकडे उतरनार?"

"कोणाकडे नाही."

"शाबास," ते म्हणाले, आणि माझ्या तळहातावर बोटानं शिक्का मारला. नळावर बाटली भरायला आलेला एक फेरीवाला बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. तो मला हळूच म्हणाला, "काका, हे तुमच्यासोबत हायेत का तुमी त्यायच्यासोबत हा?" त्याचं उत्तर मला अजूनही देता आलेलं नाही.

तिथून बसनं अकोला. बसस्थानकावर वेळापत्रकाच्या फलकासमोर दहा मिनिटं भक्तिभावानं उभे राहिल्यावर गुणवंतराव म्हणाले, "शांतीचं घर वाटेत पडते. डोकावून जाऊ." शांताबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घर जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, गल्लीतल्या गल्लीत. स्थानकापासून तिथे जायला पूल ओलांडावा लागतो आणि परत यायला तोच पूल पुन्हा ओलांडावा लागतो. ते घर जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांच्या वाटेत पडत नाही.

दार उघडताच शांताबाई म्हणाल्या, "दादा, तुही कोनती बी गाडी माह्याच दारावरून काहून जाते रे?"

"वाटेत होतो."

"हो. मले तं वाटते एसटीनं स्टँडच इथं हलवलं."

जेवण झालं. गुणवंतराव ओसरीवर आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. शांताबाईंनी माझ्यापुढे सुपारी ठेवली आणि आवाज न उतरवता म्हणाल्या, "मास्तर, हे ब्यांकॉक-फ्यांकॉक काई नाई. त्याले पशाले पाहाचं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींच्या वर्षश्राद्धाला प्रशांत आला होता. जाताना बापाला म्हणाला, बाबा, आता एकटे नका राहू, चला माझ्याकडे. गुणवंतराव म्हणाले, मी काही कोणाच्या दारात पडायला रिकामा नाही. का म्हणाले, देव जाणे. बायको जाऊन वर्ष झालं होतं, घरभर तिचे डबे होते, त्या डब्यांना सोडून जायचं म्हणजे काय, हे त्यांना सांगता आलं नसावं. पोरगंही त्यांचंच. तापलं. म्हणालं, ठीक आहे, यापुढे मी बोलावणार नाही. हे म्हणाले, आणि बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

"चार वर्सं झाले," शांताबाई म्हणाल्या. "दोघायनं बी शब्द पाळला. आमच्या घरात हेच लय वाईट हाय जी. शब्द पाळतेत. नात सहा वर्साची झाली. दिवाळीले ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र येते, हा बी तेच चित्र वापस पाठवते. बस."

मी ओसरीवर झोपलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. कमरेचा पट्टा त्यांनी झोपेतही काढला नव्हता. माझ्या मनात त्या तालमीबद्दल जेवढा संताप होता तेवढा सगळा ओसरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते संतापापेक्षा वाईट होतं. आता मला 'नाही' म्हणता येणार नव्हतं.

परत आलो आणि पासपोर्ट काढला. त्यांचा पासपोर्ट घरी आला तेव्हा त्यांनी तो देवापुढे ठेवला, इथवर ठीक. पण मग पंचांग उघडलं. आमचं विमान ज्या दिवशी होतं तो दिवस पूर्वेकडे जायला वाईट, त्याच्या अलीकडचा वाईट, पलीकडचा तर त्याहून वाईट. विमान कंपनी पंचांग पाहत नाही. तेव्हा गुणवंतरावांनी जुना तोडगा काढला, प्रस्थान ठेवायचा. हल्ली हे कोणी करत नाही. चांगल्या मुहूर्तावर आपलं एक गाठोडं घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला असं धरतात. मग तुम्ही प्रत्यक्ष कधीही निघा. अट एकच, निघेपर्यंत ते गाठोडं सोडायचं नाही आणि घरी परत आणायचं नाही.

तर एका गुरुवारी सकाळी हळदीचं पिवळं गाठोडं माझ्या कपाटावर येऊन बसलं. त्यात तांदूळ, सुपारी, एक धुतलेलं धोतर. "आन् मेन चीज बी टाकली," गुणवंतराव समाधानानं म्हणाले.

मेन चीज म्हणजे पासपोर्ट.

दुसऱ्याच आठवड्यात राजकमल चौकातल्या एजंटचा फोन आला. सिंगापूरच्या व्हिसासाठी पासपोर्ट हवा.

"गाठोडं सोडता येत नाई," गुणवंतराव म्हणाले. "प्रस्थान मोडलं का फेरी रद्द."

"अहो, व्हिसा नसेल तर फेरी आपोआपच रद्द!"

"मंग मधला मार्ग काढा. तुमी शिकेल मानूस हा."

एजंटाला मी वस्तुस्थिती समजावून सांगितली. तो म्हणाला, सर, माझ्याकडे पासपोर्ट पाण्यात पडलेले येतात, कुत्र्यानं खाल्लेले येतात, हे पहिल्यांदाच. चार दिवस मी गुणवंतरावांच्या विनवण्या केल्या. ते हलले नाहीत. शेवटी ते अकोल्याला 'वाटेत' गेलेले असताना, हात धुऊन, देवाला नमस्कार करून आणि बायकोचं लक्ष नाही असं पाहून, मी ती गाठ सोडली. आयुष्यभर पोरांना कार्यकारणभाव शिकवला आणि गाठ सुटताच देवाला पुन्हा एकदा हात जोडले.

पासपोर्टात एक चिठ्ठी होती. गुणवंतरावांचं ठसठशीत अक्षर. प्रशांतच्या इमारतीचा नंबर, सातवा मजला, बस कुठली, थांब्यापासून चालत चार मिनिटं. त्याखाली स्वतःलाच सूचना लिहिल्या होत्या:

'वर जाऊ नये. दार वाजवू नये. खाली बाकावर बसावे. संध्याकाळी तो येताना दिसेल. मग म्हणावे, फिराले आलो होतो, वाटेत होतो.'

मी ती चिठ्ठी कितीतरी वेळा वाचली. मग पासपोर्ट स्कॅन करून एजंटाला पाठवला, होतं तसं गाठोडं बांधलं आणि शांताबाईंकडून प्रशांतचा नंबर घेतला. मला एवढंच करायचं होतं, की त्या संध्याकाळी पोरानं घरी असावं. बाप येतोय हे त्याला कळलेलं बापाला कळू नये. बस.

"काका?" प्रशांत घाबरून म्हणाला. "बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत. अरे, आम्ही पुढच्या महिन्यात फिरायला येतोय तिकडे. ब्यांकॉक, मलेशिया करत. सिंगापूर वाटेत पडतं."

तो म्हणाला, "काका, सिंगापूर कशाच्या वाटेत पडतं हो?"

मी घाईघाईनं तारखा सांगायला लागलो.

"आम्ही या महिनाअखेर मेलबर्नला चाललोय," तो म्हणाला. "नोकरी बदलली. सामान गेलंसुद्धा."

"चार-आठ दिवस थांबता नाही येणार?"

"बाबांनी सांगितलंय का मला थांबायला?"

"नाही. त्यांना मी फोन केल्याचं ठाऊकच नाही."

"मग राहू द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, पण शब्द तेच आले. हुबेहूब गुणवंतराव. फोनमधून हात घालून एक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. दोघांनाही.

दोन दिवस मी कोणाला काही बोललो नाही. प्रस्थान मी मोडलं होतं. तसं काही नसतं, हे मला कळतं. तरी ते मी मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी साडेनऊला गुणवंतराव आले, खुर्चीत बसले, आणि मी सगळं सांगून टाकलं. गाठोडं, चिठ्ठी, फोन, मेलबर्न.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नकाशा काढा."

मी संगणकावर नकाशा काढला. त्यांनी चष्मा वर करून, नाक पडद्याला लावून पाहिलं. सिंगापूरच्या खालून बोट सरकवत नेलं. बेटं होती, मग निळं, मग आणखी निळं.

"इकडं कोनतीच गाडी जात नाई?"

"नाही. विमानच."

"आन् त्याच्या पुढं काय हाय? म्हंजे तिथून पुढं कुठी जाता येते?"

मी पाहिलं. पुढे बर्फ होता. "मेलबर्न कशाच्याच वाटेत पडत नाही, गुणवंतराव," मी म्हणालो. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि तो पुसत बसले.

"तिकिटं रद्द करायला सांगतो," थोड्या वेळानं मी म्हणालो.

"काहून?" ते एकदम ताठ झाले. "आपून फिराले चाललो होतो ना? का कोनाकडे चाललो होतो?"

आणि आम्ही गेलो. ज्या सहलीची आम्हा दोघांपैकी कोणालाही आता इच्छा नव्हती, ती सहल आम्ही केली, कारण आठ महिने तोंडानं तेच म्हटलं होतं. ब्यांकॉकला स्टेशन पाहिलं. इतकं मोठं आणि इतकं चकचकीत, की गुणवंतराव भोंगा कुठून बोलतो ते शोधत फिरले. मुक्कामी गाडी वेळेवर निघाली, वेळेवर पोचली. पदांग बेसारच्या खऱ्या अधिकाऱ्यानं काहीही विचारलं नाही, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. गुणवंतरावांना ते लागलं. उत्तर तयार होतं ना! एकही गाडी लेट झाली नाही, त्यामुळे राखलेले सगळे तास आम्हाला बसून काढावे लागले. आशिया खंडातल्या प्रतीक्षालयांवर मी आता अधिकारवाणीनं बोलू शकतो. क्वालालंपूरहून बसनं सिंगापूरला उतरलो तेव्हा सहा दिवसांत आम्ही साठ वाक्यंही बोललो नव्हतो.

सिंगापूरला पहिल्या सकाळी मी म्हणालो, बाग आहे, समुद्रकिनारा आहे, कुठे जायचं? ते म्हणाले, "बसनं फिरू." कुठली बस, ते मी विचारलं नाही. त्यांनी चिठ्ठी न पाहताच बसचा नंबर ओळखला. अर्ध्या तासानं एका वसाहतीत उतरलो. उंच उंच सारख्या इमारती, भिंतीवर भलेमोठे आकडे, गॅलरीत बांबूला वाळत घातलेले कपडे. थांब्याला छप्पर होतं आणि बाक होता. गुणवंतराव त्यावर बसले. इमारतीकडे गेले नाहीत. मान वर करून त्यांनी मजले मोजले, सातव्यावर थांबले. तिथे कोणाचे तरी निळे टॉवेल वाळत होते.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर, तुमच्या फोनवरून लावा त्याले."

त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा स्पीकर लावावा लागला. म्हणून मी जे ऐकलं ते चोरून ऐकलेलं नाही.

"काका?"

"मी बोलून राहिलो."

"बाबा? कुठून बोलताय?"

"तुह्या घराखालून."

"कोणत्या?"

"जुन्या. फिराले आलो होतो. वाटेत पडलं."

"बाबा, आम्ही तिथून निघालो. तीन आठवडे झाले."

"माईत हाय मले."

"माहीत होतं?" आता त्याचा आवाज चढला. "मग आलात कशाला? मी तिथं होतो तेव्हा चार वर्षं आला नाहीत. आता मी नाही तर आलात?"

"तू असतास तं कसा आलो असतो, बेटा?" गुणवंतराव म्हणाले. "तू बोलावलं कुठी होतं?"

समोर एक बस आली, दार उघडलं, चालकानं आमच्याकडे पाहिलं, आम्ही उठलो नाही, दार बंद झालं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे बोलाव त्याला, आत्ता बोलाव. आणि तुम्ही तरी म्हणा हो, येतो म्हणून! पण ते दोघं गावंडे होते आणि मी नुसता शेजारी होतो.

"जेवलात का?" शेवटी प्रशांतनं विचारलं.

"व्हाचं हाय."

"उन्हात उभे राहू नका."

"सावली हाय इथं. चांगला थांबा हाय, बाक हाय बसाले." मग थोडं थांबून, "कामावर इथूनच जाय का तू?"

"हो."

"कोनत्या गाडीनं?"

प्रशांतनं बसचा नंबर सांगितला. "आठ-वीसची, बाबा. रोज."

"बरं," गुणवंतराव म्हणाले. "पोरीले आशीर्वाद सांगजो." आणि फोन माझ्या हातात दिला. तो कधी बंद झाला, कोणी केला, मला कळलं नाही.

"बोलावलं नाही त्यानं," मी म्हणालो. विचारलं असं नाही, पण म्हणालो.

"नाई." त्यांनी रुमालानं डोळे पुसले, लपवले नाहीत. "चुकलंच मास्तर माह्यं. बोलावलं होतं तवा गेलो असतो तं झालं असतं. आता त्यानं तरी कितीदा बोलावाचं?"

आम्ही बसून राहिलो. आणखी दोन बस आल्या आणि गेल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या आपलं विमान कितीचं हाय?"

"दुपारचं."

"मंग सकाळी येऊन जाऊ इथं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पावणेआठलाच थांब्यावर पोचलो. हळूहळू कामावर जाणारी माणसं जमली. कोणी फोनमध्ये पाहत होतं, एक जण केळं खात होता. आठ वाजून वीस मिनिटांनी बस आली. माणसं चढली, दार बंद झालं, बस निघाली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत गुणवंतराव उभेच होते.

"असाच उभा राहत असन इथं रोज, नाई?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो."